विनोदी कथा राहिली

‘ही कथा मी लिहिली नाही, तिनंच मला लिहिलं’ असलं वाक्य प्रस्तावनेत दिसलं की मी पान उलटतो. कथा काही लिहीत नसते. बसावं लागतं, खोडावं लागतं ते लिहिणाऱ्यालाच. पण योजलेली कथा बाजूला राहून भलतीच पुढ्यात येते, हे मात्र खरं. त्याचं कारणही बहुधा साधं असतं: एखादी वस्तुस्थिती आडवी येते.

मी योजलेली कथा विनोदी होती, दिवाळी अंकासाठी. माझ्या आत्याची लालबागच्या चाळीत, राहत्या खोलीतच खाणावळ होती. सातारा, कोल्हापूर, कोकणातले गिरणी कामगार तिच्याकडे जेवायचे. बायकामुलं गावाला, हे पाळीनुसार येणार. आत्या त्यांना ‘मेंबर’ म्हणायची. आडनावं तिच्या लक्षात राहत नसत; कोण किती भाकऱ्या खातो, कुणाला रस्सा झणझणीत लागतो, कोण कांदा मागून घेतो, हे तोंडपाठ. शिवाय फीस्टच्या दिवशी वाटीत कुणाला किती मटण पडलं यावरून रुसवेफुगवे. एवढ्या सामग्रीवर कुणीही हसरी कथा बेतली असती. मी पहिली पानं लिहिलीही, आणि ती वाईट नव्हती.

उधारीचा एक प्रसंग रंगवायचा होता म्हणून आत्याची वही मागून घेतली. पैसे मिळाले की नावावर रेघ, हा तिचा हिशेब. १९८१ची पानं रेघांनी भरलेली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वहीत संपाचा उल्लेख कुठंही नाही. रेघा तेवढ्या थांबतात. नावं पुढं चालूच राहतात, म्हणजे आत्या वाढत राहिली. पावसाळ्याच्या सुमारास नावंही विरळ होत जातात. मेंबर गावाला गेले.

मी विचारलं, “मग सामान कुठून आणायचीस?”

“वाण्याकडून.”

“आणि वाण्याचे पैसे?”

“पाटल्या होत्या की.”

यापुढं विनोदी प्रसंग कसा लिहायचा? दुःख आलं म्हणून विनोद मरतो असं मला वाटत नाही. उलट आत्या स्वतः त्या दिवसांचे किस्से हसत सांगते. पण भाकऱ्या मोजणारी जी गमतीदार बाई मी रचली होती, तिच्या हातात त्या पाटल्या बसत नव्हत्या.

खरं तर संपावर मला लिहायचंच नव्हतं. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकानंतर त्या विषयाला आपण हात घालू नये, असं मी ठरवून टाकलं होतं. त्यातून खाणावळ ही आमच्या घरची बाब. घरच्या बाबीचं साहित्य होतं हे मनाला पटत नाही. पण लक्ष्मीबाई टिळक नवऱ्याच्या चरित्राला मदत म्हणून आठवणी लिहू लागल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ उभं राहिलं. फलटणच्या बेबी कांबळे दुकान सांभाळता सांभाळता घरच्यांपासून लपवून लिहीत. त्यांचं ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं आलं ते १९८६मध्ये. त्यांची नावं घ्यायची माझी पात्रता नाही, धीर मात्र त्यांच्याकडूनच घेतला.

उधारीनं वाकलेली आत्या एकटी नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खाणावळवाल्यांसाठी, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज त्यांना मिळावं म्हणून. आत्या त्यात गेली नाही. “मीटिंगला जायचं तर भाकऱ्या कोण थापणार?” हे तिचं उत्तर. तेही कथेत घातलं आहे.

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावातल्या घरांत, माळ्यावर, अशा वह्या अजून असतील. तुमच्याकडे असेल तर रद्दीवाल्याला देण्याआधी उघडा, आणि घरातलं जाणतं माणूस आहे तोवर त्यातली नावं त्याच्याकडून वाचून घ्या.