तात्यांचे कागद आणि माझी चूक

सोयाबीनची मळणी उरकली, हरभरा पेरायला अजून वापसा नाही. हात मोकळे आहेत तोवर ही नोंद लिहून टाकतो. लाज वाटते म्हणून बरेच दिवस लांबवली होती.

अतिवृष्टीच्या अनुदानावेळी "कागद ग्रुपवर टाका" असा निरोप आला. तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, मोबाईलचं फारसं जमत नाही. त्यांचं आधार, पासबुक अन् सातबारा, तिन्हींचे फोटो मीच ग्रुपवर टाकले. सगळेच टाकत होते. ग्रुपात तीनशेच्या वर माणसं, निम्मी कोण ते कुणालाच ठाऊक नाही.

दोन महिन्यांनी तात्यांना फोन आला. समोरच्यानं पूर्ण नाव, बँक, गट नंबर सगळं बरोबर सांगितलं. "अनुदान अडकलंय, केवायसीची फाईल पाठवतो, उघडा." एवढं माहीत आहे म्हणजे माणूस सरकारीच, असं तात्यांना वाटलं. फाईलच्या नावाशेवटी एपीके होतं. ती मोबाईलमध्ये बसली, तिनं एटीएम कार्डाचा नंबर विचारला अन् येणारे ओटीपी परस्पर तिकडं जायला लागले. १८,४०० रुपये गेले. खता-बियाण्याचे होते.

१९३० ला फोन केला तो दुसऱ्या दिवशी. तासाभरात केला असता तर पैसे वाटेत अडवायला जास्त वाव होता. माहिती माझ्याच फोटोतून गेली हे सिद्ध करता येत नाही. पण फोटो टाकले मीच. तात्या एका शब्दानं बोलले नाहीत, तेच जास्त लागतं.

सातबारा तसाही ऑनलाईन कुणालाही दिसतो. पण तिन्ही कागद एका जागी मिळाले की भामट्याला आपल्या ओळखीचं सोंग घेता येतं. गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं असतं, तसंच हे. फोटो एकदा पसरला की गोळा होत नाही.

तेव्हापासून घरात एवढं केलं:

१. कागद ग्रुपवर नाही. ज्याला हवेत त्यालाच द्यायचे. झेरॉक्सवर "फक्त पीक विम्यासाठी" अन् तारीख लिहायची.

२. चालेल तिथं मास्क्ड आधार. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारच्या वेबसाईटवर मिळतं.

३. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. नाहीतर आधार नंबर अन् अंगठ्याच्या ठशावर ओटीपीशिवाय पैसे निघू शकतात. रेशनला किंवा केवायसीला अंगठा द्यायच्या आधी मात्र उघडावं लागतं, हे ध्यानात ठेवा.

४. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावला. एपीके फाईल कुणीही पाठवो, अगदी सख्ख्या भावानं, उघडायची नाही. त्याचाच मोबाईल हॅक झालेला असू शकतो.

५. या पेजवर पट्टीचा फोटो टाकताना नाव झाकतो. विहिरीवरची मोटार अन् केबल दिसू देत नाही. भाव कळला तर सगळ्यांच्या कामाचा, आपला पत्ता कळून कुणाचं भलं?

यातलं एकतरी आज रात्री जेवण झाल्यावर करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा मोबाईल आधी घ्या. तुमच्याकडं असं काही झालं असेल तर खाली जरूर लिहा. फक्त नंबर लिहू नका.