ट्रंपेटवाल्याचे ओठ दिसले पाहिजेत

ट्रंपेटला व्हॉल्व्ह फक्त तीन. बोटं तशीच ठेवून ओठांचा ताण आणि फुंकर बदलली, की दुसरा स्वर निघतो. म्हणूनच बोटांवर रेंगाळणारा कॅमेरा अर्धंच वादन दाखवतो. ध्वनिसंकलन हा माझा व्यवसाय. मैफलीचा चित्रपट समोर आला की मी आधी वादकाचे ओठ आणि गाल शोधतो.

बाजव्यासारख्या गावात बसून जॅझचं कसलं वेड, असं इथले स्नेही विचारतात. मी त्यांना वरातीतला बँड दाखवतो. त्यातला ट्रंपेट आणि लुई आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट, वाद्य एकच. या दोहोंमधला दुवा ठरलेला माणूस तर आपल्या मराठी मंडळींनीच पडद्यावर आणला होता.

पण आधी आर्मस्ट्राँग. १९३३ साली कोपनहेगनला चित्रित झालेली त्याची काही मिनिटं मी या प्रकारातली सर्वोत्तम मानतो. कॅमेरा फारसा हलत नाही, आर्मस्ट्राँग मात्र क्षणभर स्वस्थ नाही. गातो, साथीदारांकडे वळतो, रुमाल हाती धरतो आणि ट्रंपेट ओठांना लावतो. दम कुठून येतो आणि वरच्या स्वराला काय किंमत मोजावी लागते, ते सलग दिसतं. बर्ट स्टर्नचा ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ १९५८च्या न्यूपोर्ट महोत्सवावरचा. तो देखणा आहे, पण वादन चालू असताना शिडाच्या नौका दाखवतो तेव्हा मी अस्वस्थ होतो. १९५७च्या ‘सॅचमो द ग्रेट’मध्ये आर्मस्ट्राँगचं आफ्रिकेतलं स्वागत आहे, ऐकताना घानाचे नेते एन्क्रुमा यांचा चेहरा दिसतो, आणि तिथे वादकावरून कॅमेरा हटणं मला पटतं. २०२२चा ‘ब्लॅक अँड ब्लूज’ उभा राहिला तो आर्मस्ट्राँगने घरी स्वतः भरून ठेवलेल्या ध्वनिफितींवर. कलावंताने जपलं, म्हणून माहितीपट झाला.

आपल्याकडे असं जपलं गेलं नाही. अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, १९१६ साली गोव्यातल्या हळदोण्याला जन्मला. चर्चच्या शाळांमधून नोटेशन शिकलेले गोंयकार वादक तेव्हा मुंबईच्या हॉटेलांत वाजवत. चिकचा बँड ताजमध्ये गाजला. लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी त्याला साहाय्यक म्हणून घेतलं. रामचंद्रांनी चाल सांगायची आणि तिला ब्रासचा साज चढवायला चिकसारखा जाणकार हाताशी, अशा जोडीतून त्यांच्या गाण्यांना ठसका आला. चाल बांधणाऱ्याचं नाव घरोघरी पोहोचलं. वाद्यमेळ उभा करणाऱ्याचं नाही. हा अन्याय मला आजही बोचतो.

तरी अभिनेते-दिग्दर्शक भगवानदादांनी एक मोठं काम केलं. १९५१च्या ‘अलबेला’त त्यांनी चिकला त्याच्या बँडसकट पडद्यावर उभं केलं. आवाज आधी ध्वनिमुद्रित झालेला, म्हणजे ही खरी मैफल नव्हे. तरीही खांदे कसे उचलले जातात, वाद्य किती वर धरलं जातं, हे त्यात पाहता येतं. १९६७ साली चिक गेला. पुढे बार्दरॉय बार्रेतो यांनी गोव्याचे संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्यावरून प्रेरित ‘नाचुंया कुंपासार’ हा कोंकणी कथापट केला. त्या सगळ्या गोंयकार वादकांचं जग त्यात प्रेमाने उभं केलंय. पण ती अभिनेत्यांनी साकारलेली कथा. चिकवरच्या माहितीपटाला खऱ्या चिकची दृश्यं लागतील.

धोबीतलाव, गिरगाव, माहीम, म्हापसा इथल्या घरांत लग्नाच्या, क्लबातल्या नाचाच्या आठ मिलिमीटरच्या फिती असू शकतात. कोपऱ्यात वाजवणारा बँड दिसत असेल, तर त्या टाकून देऊ नका. डब्याला व्हिनेगरसारखा वास यायला लागला असेल तर फीत सडू लागली आहे. ती प्रोजेक्टरवर चढवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा, आणि वादकांपैकी कुणाला ओळखणारं वडीलधारं घरात असेल तर त्यांना विचारून नावं आजच लिहून ठेवा.