आधी पाण्याला वाट

वाफेच्या इंजिनावर जीव जडायला कुणी शिकवावं लागत नाही. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, टाउइन गावच्या व्हार्फ स्टेशनात ‘डॉलगॉख’ येऊन उभं राहिलं की आजोबा आणि नातवंडं सारख्याच डोळ्यांनी त्याच्याकडे बघतात. इंजिनाचे फोटो निघतात, चालकाशी गप्पा होतात. ते ज्या रुळांवर उभं असतं त्यांच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. माझं जातं. टालिलिन रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या टोळीत मी बरीच वर्षं स्वयंसेवक आहे आणि माझं मत आता पक्कं झालंय. जुनी रेल्वे लोकांच्या मनात राहते ती इंजिनामुळे, पण जमिनीवर टिकते ती चर उपसणाऱ्या माणसांमुळे.

ही लाइन १८६५ सालची. ब्रिन एग्लुइसच्या खाणीतली स्लेट किनाऱ्यापर्यंत आणण्यासाठी बांधलेली, रुळांमधलं अंतर फक्त २ फूट ३ इंच. १९११ मध्ये सर हेन्री हेडन जोन्स यांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतल्या. १९४६ च्या डिसेंबरात खाण कोसळून बंद पडली. मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल, असा त्यांचा शब्द होता आणि तो त्यांनी पाळला. १९५० च्या जुलैत ते गेले. मागे राहिलं चालू स्थितीतलं एकच इंजिन, ‘डॉलगॉख’, आणि गवतात बुडालेली लाइन. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला बर्मिंगहॅमच्या इंपीरियल हॉटेलात लेखक एल. टी. सी. रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी लाइन वाचवण्यासाठी सभा बोलावली, संस्था उभी राहिली, आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी टाउइनहून ऱ्हिडिरोनेनपर्यंत गेली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मला तिच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी, बंद पडलेल्या शेजारच्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं प्रत्येकी २५ पौंडांना मिळाली. तिथलं गेजही २ फूट ३ इंचच, म्हणजे केवढं नशीब. त्यातल्या एकाला सर हेडन यांचंच नाव दिलं आणि ते लाइनवर आणलं, तर ते रुळांवर ठरेना. स्लीपर कुजले होते आणि रुळांमधलं अंतर ठरल्यापेक्षा जास्त होतं. ‘डॉलगॉख’च्या चाकांची धाव रुंद म्हणून ते निभावून नेत होतं. ‘सर हेडन’ची धाव अरुंद, त्यामुळे चाकं रुळांच्या मध्ये उतरायची. इंजिन मिळालं होतं, ते चालवायला रूळ नव्हते. पुढची कित्येक वर्षं संस्थेची खरी झुंज इंजिनाशी नव्हतीच. ती या सव्वासात मैलांच्या लाकूड, लोखंड आणि मातीशी होती. आजही आहे.

रूळकामात बघणं आधी, पहार नंतर. सकाळी लाइनवरून चालत निघायचं. कोरड्या हवेत एखाद्या स्लीपरच्या कडेने खडीवर पांढरट भुकटी दिसली की समजायचं, हा खालून पोकळ झालाय. गाडी जाताना तो वरखाली होतो आणि खडी एकमेकींवर घासून तिचं पीठ पडतं. पावसात तीच जागा चिखल ओकते. मग ओणवं होऊन, गाल जवळजवळ रुळाला टेकवून, एक डोळा मिटून नजर लावायची. सांध्यापाशी रूळ खचलेला असतो, कारण प्रत्येक चाक तिथे ठोका देऊन जातं. खोलगट जागा किती लांब आहे, कुठून उचलायची, हे लेव्हल लावण्याआधी डोळ्याला कळायला लागतं. ही नजर यायला वेळ लागतो आणि ती पुस्तकातून येत नाही.

स्लीपर बदलायचा तर दोन्ही अंगांची खडी काढायची, पकडी सोडवायच्या आणि तो रुळांखालून आडवा ओढून बाहेर घ्यायचा. जुना बहुधा तुकड्यातुकड्यांनीच निघतो. नवा सरकवायचा, पहारीने वर रुळाला भिडवायचा, गेज लावून अंतर तपासायचं आणि मग खडी ठासायची. ही खडी रुळाच्या बरोबर खाली, आतून आणि बाहेरून बसली पाहिजे. मधला भाग मुद्दाम सैल ठेवायचा. मध्ये घट्ट झालं तर स्लीपर त्या उंचवट्यावर डुलायला लागतो आणि दोन्ही रुळांखालचा आधार सुटतो. नवीन आलेला उत्साही माणूस सगळीकडे सारखीच ठासतो. त्याला थांबवून समजावणं हे आमच्या मुकादमाचं नेहमीचं काम.

पुलांखाली वेगळीच काळजी. १८६६ मध्ये सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर आले, तेव्हा डबा आणि पुलाची भिंत यांत पुरेसं अंतर नाही असं त्यांना आढळलं. त्यावर उपाय म्हणून डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद केली आणि पुलांखालचे रूळ मधोमध न ठेवता एका अंगाला सरकवले. म्हणून आजही या गाडीत एकाच बाजूने चढता येतं. तिथे काम करताना रूळ ‘सरळ’ करायचा मोह टाळावा लागतो. तो तिरका दिसतो तेच बरोबर आहे.

आणि एवढं सगळं नेटकं करूनही बाजूचा चर तुंबलेला असेल तर मेहनत फुकट. इथे पाऊस बारमाही. डोंगरउतारावरची झाडं शरद ऋतूत चर पानांनी भरून टाकतात, मोऱ्यांच्या तोंडाशी फांद्या अडकतात. पाणी थांबलं की माती भिजते, खडीत वर चढते, स्लीपर कुजतो, सांधा बसतो. म्हणून हिवाळ्यात, गाड्या बंद असताना, आम्ही गमबूट घालून चरांत उतरतो. निवृत्त शिक्षक असतात, कॉलेजातली मुलं असतात, आठवडाभर रुग्णालयात राबून आलेली परिचारिकाही असते. बॉयलरसाठी देणग्या जमतात, आणि जमाव्यात. पण फावडं घेऊन चिखलात उभा राहणारा माणूस मिळणं त्याहून कठीण आहे आणि मला तो माणूस अधिक मोठा वाटतो.

चरांचं हे महत्त्व मी शिकले ते कुर्डुवाडीत. आमचे अण्णा बार्शी लाइट रेल्वेच्या जुन्या नॅरोगेजवर की-मॅन होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने उभारलेली ती अडीच फुटी लाइन १८९७ मध्ये सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. खांद्यावर हातोडा आणि पाना टाकून अण्णा रोज आपलं बीट चालत जात. पावसाळ्याच्या तोंडावर ते टोळीला एकच गोष्ट बजावत: “आधी पाण्याला वाट द्या, मग खडीला हात लावा.” त्यांची लाइन पुढे ब्रॉडगेज झाली आणि ते योग्यच झालं. कुर्डुवाडीत एका गाडीतून दुसऱ्या गाडीत माल चढवणाऱ्यांचे हाल मी लहानपणी पाहिले आहेत. प्रत्येक जुनी लाइन जशीच्या तशी राखावी असं मला कधीच वाटलं नाही.

पण जी राखायची, ती नीट राखावी. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावरची ‘शकुंतला’ आज बंद आहे. तिचं ब्रॉडगेज व्हावं की काही भाग वारसा म्हणून उरावा, हे वऱ्हाडातल्या लोकांनी ठरवायचं. एखादा तुकडा जपायचं ठरलंच, तर तिथल्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे: पहिला अर्ज इंजिनासाठी करू नका. चर उपसायची, मोऱ्या मोकळ्या करायची परवानगी मागा, आणि ते काम पावसाळ्याच्या आधी सुरू करा.