मोराच्या शेपटीचं विमान

तिकीट काढलं तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "ही कुठली कंपनी?" एअर इंडिया माहीत, इंडिगो माहीत, आखातात गेलेल्या पोरांमुळे एमिरेट्सचं नावही अजिंठ्यात सगळ्यांच्या कानावरून गेलेलं. श्रीलंकन एअरलाइन्स कुणाच्या ऐकण्यात नव्हती. माझ्याही नव्हती. १९७९ साली 'एअर लंका' या नावाने सुरू झालेली कंपनी, एवढं मोबाइलवर वाचलं आणि मुंबई-कोलंबोची दोन तिकिटं काढून टाकली. भाऊ फोनवर म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला घेऊन कुठल्याही विमानात बसशील का तू?"

म्हातारा माणूस, म्हणजे आमचे नाना, कॉटवर बसून ऐकत होते. म्हणाले, "चांगली असंल ती. शेपटीवर मोर असतो तिच्या."

त्यांना कसं माहीत? तर लेणीवर येणाऱ्या लंकेच्या यात्रेकरूंच्या बॅगांवर तो मोर असायचा. नानांची सगळी नोकरी लेणीवर गेली. वीज नीट नव्हती त्या काळात बाहेरच्या उन्हात पत्रा धरून उजेड आत टाकायचा, नंतर दिवा घेऊन भिंतीजवळ उभं राहायचं. गाईड बोलणार आणि नाना त्याच्या बोटाच्या पुढे उजेड सरकवणार. ऐकून ऐकून त्यांना सगळ्या कथा पाठ झाल्या. त्यातली लाडकी सतरा नंबरच्या लेण्यातली, सिंहल व्यापाऱ्याची.

पाचशे व्यापाऱ्यांचं जहाज ताम्रद्वीपावर फुटतं. बेटावरच्या देखण्या बायका त्यांना घरात घेतात, पण त्या असतात राक्षसिणी. सुटकेला येतो आकाशातून उडणारा पांढरा घोडा. अट एकच, पाठीवर बसल्यावर मागे वळून बघायचं नाही. बाकीचे बघतात आणि खाली पडतात. एकटा सिंहल पार होतो. पुढे तो राजा होतो आणि हत्ती-घोडे नावांत घालून त्याच बेटावर स्वारी करतो. ते बेट म्हणजे लंका. हे खुद्द लंकेच्या लोकांना सांगताना नानांना आधी संकोच वाटायचा. पण ते लोक हसायचे. त्यांच्या महावंसातही पहिला राजा विजय बेटावर उतरतो तेव्हा त्याला यक्षिणीच भेटते. मग ते नानांना म्हणायचे, आमच्या सिगिरियाला या, तुमच्या भिंतीवरच्या बायकांच्या बहिणी आहेत तिथं. दोन्हीकडची चित्रं पाचव्या शतकातली.

जायला एवढी वर्षं लागली, आणि आता घाई होती. नानांना काचबिंदू आहे. हा आजार नजर कडेकडून खात येतो. मधलं तेवढं उरतं. डॉक्टरांनी "किती दिवस" हे सांगितलं नाही, पण "जायचं असेल तर या वर्षी जा" म्हणाले. नाना म्हणतात, "बॅटरीचा झोत पडतो ना, तेवढंच दिसतं." आयुष्यभर दुसऱ्यांना जसं दाखवलं, तसंच आता स्वतःला दिसतंय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

माझी सगळी काळजी थेंबांची. रोज रात्री नऊला, चुकवायचे नाहीत. बाटली छोटी असल्याने हातातल्या पिशवीत चालते, आणि लंकेचं घड्याळ २००६पासून पुन्हा आपल्याच घड्याळाबरोबर चालतं, त्यामुळे वेळेचा हिशोब बदलायचा नव्हता. जेवणाची मात्र जवळजवळ फजिती होणार होती. नानांचा श्रावण होता. मी 'हिंदू मील'वर बोट ठेवणार, तेवढ्यात खाली वाचलं की त्यात मांस असू शकतं, फक्त गोमांस नसतं. शाकाहारी हवं असेल तर वेगळा पर्याय निवडावा लागतो. किती जण फसत असतील कोण जाणे!

संभाजीनगरहून मुंबईला रेल्वेने अख्खी रात्र लागली. विमानाचा प्रवास अडीच तासांचा. परदेश हा मुंबईपेक्षा जवळ निघाला.

विमानाच्या दारात मोरपिशी साडीतली मुलगी उभी होती, कमरेला झालर असलेली त्यांच्याकडची नेसण. तिने हात जोडायच्या आत नानाच म्हणाले, "आयुबोवन!" ती चमकली, मग खुलून हसली. दीर्घायुषी व्हा, असा त्याचा अर्थ. मागच्या रांगेतली माणसं खोळंबली होती आणि नाना तिला मराठी-हिंदीत अजिंठा समजावून सांगत होते. अनोळखी कंपनीची भीती होती ती मला. त्यांची तर जुनी ओळख निघाली.

खिडकी त्यांना दिली. सूचना सिंहलीत झाल्या, तमिळमध्ये झाल्या, इंग्रजीत झाल्या. विमान धावायला लागलं तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि मान पुढच्या सीटकडे ताठ केली. वर गेल्यावर मी म्हटलं, "नाना, बघा ना, मुंबई दिसतीय मागं."

"नको माय."

भीती वाटत असेल, असं मला वाटलं. जेवण आलं, त्यांनी चवीने खाल्लं, लोणच्याची पुडी खिशात टाकली. खिडकीतून समोर ढग दिसले तेवढे बघितले. पण मान वळवून मागे म्हणून एकदाही नाही. पाण्यावरून चाललो असताना हळूच म्हणाले, "नावेनं जायचे लोक. हत्ती घेऊन." मग बराच वेळ गप्प.

कोलंबोचा विमानतळ शहराबाहेर, कटुनायकेला. उतरताना खाली नुसती नारळाची झाडं. आत बुद्धाची मूर्ती, आणि जवळच करमुक्त दुकानांत ओळीने फ्रिज आणि वॉशिंग मशिनं. परदेशात राबून परतणारी माणसं इथूनच घरी घेऊन जातात. पण ते सगळं नंतर. आधी आम्हाला शिडीवरून उतरवून बसकडे न्यायला सांगितलं. दमट हवा तोंडावर आली. चार पावलं गेल्यावर नाना थांबले, माझा हात सोडला आणि पूर्ण मागे वळले. विमानाकडे बघत राहिले. मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, झोत फिरवावा तशी, शेपटीवरचा मोर सापडेपर्यंत.

बसवाला हाका मारत होता. मी म्हटलं, "नाना, चला. आणि तिथं वर का नाही बघितलं मागं?"

"वर कसं बघणार?" ते म्हणाले. "आता उतरलो ना. आता चालतं."