आजीचं ते गाणं

कांचघर, जबलपूर

चि. लाडक्या भाचीस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, आजी देवघरात गुणगुणायची ते गाणं कुठल्या देवाचं?" घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

ते ऋग्वेदातलं नासदीय सूक्त. दहाव्या मंडलातलं 129 वं, अवघ्या सात ऋचांचं. पण आजीला ते पोथीत नाही, टीव्हीवर भेटलं. 1988 साली दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' सुरू झाली. नेहरूंनी 1944 मध्ये नगरच्या भुईकोट किल्ल्यात, कैदेत लिहिलेल्या पुस्तकावरची ही मालिका. तिची सुरुवात या सूक्तानं व्हायची, आधी संस्कृत, मग हिंदी. हिंदी शब्द वसंत देवांचे. तेंडुलकरांचा 'घाशीराम कोतवाल' हिंदीत नेणारे तेच. संगीत वनराज भाटियांचं. लंडन-पॅरिसला पाश्चात्त्य संगीत शिकून आलेल्या या माणसानं वेदघोषाला समूहगानाची अशी काही भरदार जोड दिली की घरातले सगळे हातातलं काम टाकून टीव्हीपुढे यायचे.

आजीला आरत्या, स्तोत्रं सगळी पाठ. हे ऐकून ती म्हणाली, "यात मागणं काहीच नाही रे!" किती नेमकं बोलली! आरतीत आपण संकट निवारायला सांगतो, स्तोत्राच्या शेवटी फलश्रुती असते. इथे नुसती विचारणा आहे. सृष्टीच्या आधी काय होतं? हे सारं उपजलं कुठून? देवांना विचारावं, तर तेही सृष्टीनंतरचे. वरून सगळं पाहणाऱ्यालाही ते ठाऊक असेल किंवा नसेलही, इथवर ऋषी जातो आणि थांबतो.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की ते कुठल्याच एका देवाचं नाही. तरीही आजी ते देवघरात म्हणायची. 'ठाऊक नाही' म्हटल्यानं श्रद्धा उणी होत नाही, हे मी तिच्याकडून शिकलो. एवढ्या जुन्या देशाची गोष्ट बेनेगलांनी या प्रश्नापासून सुरू केली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

तू तिकडे भौतिकशास्त्र शिकतेस. उत्तर न सापडण्याचे दिवस तुझ्याही वाट्याला येतील. तेव्हा हे ऐक. सुट्टीत आलीस की सातही ऋचा अर्थासह शिकवीन. आजीचं गाणं आता तू म्हणायचं.

तुझा,
मामा