मान, मौन आणि पाट्या

मान हलवणे ही आमच्या घराण्याची मातृभाषा. वडिलांनी आम्हा भावंडांची लग्ने एकेका हेलकाव्यात ठरवली. पण चिरंजीव बोस्टनला गेले, रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल सुरू झाला आणि या भाषेचे व्याकरणच बिघडले.

परवा त्याने विचारले, "बाबा, वर्ध्याचं घर विकायचं का?" मी आधी खाली बघून आवंढा गिळला, मग नकारार्थी मान हलवली. तिकडे चित्र गोठले ते नेमके आवंढ्यापाशी! होकार समजला गेला. संध्याकाळी त्याचा दलाली करणारा शाळूसोबती दारात हजर, "काका, गिऱ्हाईक केव्हा आणू?"

सेवाग्राम आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. बापूकुटीतली तीन माकडे तोंडातून शब्द न काढता काय ते सांगतात. खुद्द बापूंचे सोमवारी मौन. २ जून १९४७ रोजी, फाळणीच्या ऐन धामधुमीत, दिल्लीत माउंटबॅटन यांच्यासमोर बसले तोही सोमवारच. वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर त्यांनी उत्तरे लिहून दिली. चिरंजीवांच्या शेजारी एमआयटीत तर १९८० च्या सुमारास चेहऱ्याच्या आकाराचा पडदाच बनवला होता. दूरचा माणूस मान हलवी, तसा इकडे पडदा हले. तो खर्च मला कुठला झेपायला! मी बापूंचा मार्ग धरला. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर पाट्या रंगवल्या : 'हसलो आहे', 'ऐकू येत नाही', 'ही जांभई आहे, नाराजी नव्हे' आणि ठळक अक्षरांत, 'घर विकायचे नाही'.

तालमीत पडद्यावर अक्षरे उलटी दिसली, म्हणून रात्र जागून सगळ्या पाट्या उलट्या लिहिल्या. पडदा फक्त आपल्यालाच आरसा दाखवतो, समोरच्याला सुलटच दिसते, हे रविवारी कळले.

"बाबा, ही मोडी आहे का?" चिरंजीव हसत सुटले.

तेवढ्यात सौ.ने मला बाजूला सारले. गोरसपाकाचा डबा उघडून कॅमेऱ्यापुढे धरला, झाकण लावले आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. एक अक्षर बोलली नाही.

चित्र पुन्हा गोठले असे मला वाटले. गोठले नव्हते, तोच गप्प झाला होता.

"दिवाळीला येतो," तो म्हणाला. "तोवर घराचं राहू द्या."

पाट्या मी रद्दीत टाकल्या. 'ऐकू येत नाही' एवढी मात्र सुलट लिहून ठेवली आहे. ती घरात उपयोगी पडते.