यंत्र तेच, चिप बदला!

आपल्या नगर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात क्षयाची तपासणी करणारं ट्रूनॅट यंत्र पहिल्यांदाच चालताना पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी तेच सांगत सुटलेय! टेबलावर सहज मावणारं, बॅटरीवरही चालणारं, एसी नसला तरी न अडणारं हे यंत्र. लॅबमधल्या ताईंनी पातळ केलेला बेडका कार्ट्रिजमध्ये सोडला. वीसेक मिनिटांत त्यातला डीएनए वेगळा झाला. त्याचा इवलासा थेंब, अवघा सहा मायक्रोलिटर, त्यांनी चिपच्या खळग्यात अलगद सोडला. पडद्यावरची रेघ बराच वेळ आडवी सरकत राहिली आणि मग एकदम वर चढली. क्षयाचे जंतू होते! सगळं मिळून तासाभराचं काम. रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध त्या जंतूंवर चालेल की नाही, तेही दुसरी चिप लावून त्याच डीएनएवरून कळतं.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. चिप बदलली की याच यंत्रावर कोविड, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, डेंग्यू, अगदी निपाहसुद्धा तपासता येतो! हे यंत्र बनवणारी मोलबायो कंपनी आपल्या शेजारच्या गोव्यातली. एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरने परवानगी दिली आणि क्षयासाठी घेतलेली यंत्रं देशभर कोविडच्या कामाला लागली. नवी इमारत नको, नवी यंत्रणा नको. नमुना घेणारे हात आणि तो पोचवणारी वाट आधीपासून होतीच की!

क्षेत्रफळाने राज्यातल्या सर्वांत मोठ्या आपल्या जिल्ह्याला तर हे वरदानच. अकोले तालुक्याच्या डोंगरातून नगर गाठायचं म्हणजे मजुराचा दिवस बुडतो. तपासणी जवळ झाली, तर रोजही वाचतो आणि उपचारही लवकर सुरू होतात.

मात्र एका रोगासाठी दुसरा मागे पडता कामा नये. देशात २०१९ मध्ये क्षयाचे २४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये जेमतेम १८ लाख. टाळेबंदी होती, शिवाय माणसं आणि यंत्रं कोविडकडे वळली होती. म्हणून यंत्राबरोबर पुरेशा चिपा हव्यात आणि ते चालवणारे तंत्रज्ञही हवेत. आपल्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला जरूर विचारा: यंत्र दिवसाला किती तास चालतं, आणि कोणकोणत्या रोगांच्या चिपा आज शिल्लक आहेत?